वजन पुन्हा वाढते, तेव्हा

जयपूर शहराचा भाग झालेल्या सांगानेरमध्ये तीजेच्या सुमारास मिठाईच्या दुकानांत घेवर रचलेले दिसतात. महाराष्ट्रात तोच मोह दिवाळीचा फराळ घालतो. कित्येक महिने नियमाने जेवणाऱ्या व्यक्तीचे वजन अशा दोन दिवसांत दीड-दोन किलोंनी वाढलेले दिसते आणि अनेकांचा संकल्प तेथेच सुटतो.

प्रत्यक्षात ही वाढ बहुतांशी चरबीची नसते. एक किलो चरबी साठण्यासाठी गरजेपेक्षा सुमारे ७,७०० किलोकॅलरी अधिक पोटात जाव्या लागतात. दोन दिवसांत तेवढे खाणे खवय्यालाही अवघडच. गोड व पिष्टमय पदार्थांतून मिळणारी शर्करा यकृतात आणि स्नायूंमध्ये ग्लायकोजेनच्या रूपाने साठते. त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी शरीरात राहते. खारट पदार्थांतील मिठामुळेही पाणी साचते. नेहमीचा आहार सुरू झाल्यावर हे वजन काही दिवसांत उतरते.

खरे नुकसान होते ते 'नियम मोडलाच आहे, तर आता काय' या विचाराने. १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, खाण्यावर बंधन घालून घेतलेल्या व्यक्तींना आधी मिल्कशेक देण्यात आले. त्यानंतर त्यांनी आइस्क्रीम कमी नव्हे, तर अधिक खाल्ले. दुसऱ्या दिवशी कडक उपवास करून भरपाई करणेही हिताचे नाही. पुढचे जेवण नेहमीसारखे घेणे पुरेसे असते.

महिन्यांमागून महिने हळूहळू परतणाऱ्या वजनाचे कारण मात्र वेगळे आहे. अमेरिकेतील वजन घटवण्याच्या एका दूरचित्रवाणी स्पर्धेतील १४ स्पर्धकांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी सरासरी ५८ किलो वजन उतरवले होते. सहा वर्षांनी त्यातील ४१ किलो परत आले होते. विश्रांतीच्या अवस्थेत त्यांचे शरीर अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० किलोकॅलरी कमी खर्च करत होते. भूक वाढवणारी संप्रेरकेही वजन घटल्यानंतर वर्षभर चढी राहतात, असे ऑस्ट्रेलियातील संशोधकांना २०११ मध्ये आढळले. अशा व्यक्तीला 'मनोनिग्रह नाही' म्हणून हिणवणे अन्यायाचे ठरते.

वजन परत येऊ लागल्यास आहार आणखी तोडण्याऐवजी चालणे व स्नायूंना बळ देणारे व्यायाम वाढवावेत आणि आठवड्यातून एकदा, ठरावीक वेळी वजन पाहावे. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी वैद्यकीय सल्ल्याविना उपवास करू नये. रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते.