टीव्हीखालची हार्ड डिस्क रात्री घुं घुं करते? एसएसडी घेण्याआधी हे वाचा

आमच्या हॉलमध्ये टीव्हीखाली मिनी पीसी आहे आणि त्याला ४ टीबीची हार्ड डिस्क जोडलेली आहे. सिनेमे, लग्नांचे व्हिडिओ, घरातल्या सगळ्यांच्या फोनमधले फोटो, सगळं तिच्यावरच. आजी हॉलमध्येच झोपते. एका सकाळी म्हणाली, "अरे, रात्रभर त्या कपाटात काय घुं घुं करतंय?"

मला लगेच एसएसडी घ्यावीशी वाटली. पण आधी आवाज कुठून येतो ते बघितलं.

हार्ड डिस्कमधल्या चकत्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा फिरतात. ७२०० म्हणजे सेकंदाला १२० फेरे, त्याचीच ती घुं घुं. डेटा शोधताना आतला हेड इकडेतिकडे सरकतो, ती कट-कट. पण खरा घोळ डिस्क कशावर ठेवली आहे त्यात असतो. प्लायवूडचं पोकळ टीव्ही युनिट तंबोऱ्याच्या भोपळ्यासारखं काम करतं, बारीक थरथर मोठी करून ऐकवतं. डिस्क बंद करून तिच्याखाली जाड रबराचा तुकडा ठेवला, तर घुं घुं बरीच कमी झाली. खर्च जवळपास शून्य. फक्त डिस्क कापडात किंवा फोममध्ये गुंडाळू नका, तापेल.

कट-कट मात्र राहिली, कारण फोटोंचा बॅकअप मीच रात्री दोनला लावला होता! तो दुपारी केला.

आता एसएसडी. तिच्यात फिरणारं काहीच नाही, त्यामुळे आवाजही नाही. पण सिनेमासाठी तिचा वेग वाया जातो. ४के ब्लू-रेला जास्तीत जास्त १२८ एमबीपीएस लागतात, म्हणजे सेकंदाला १६ एमबी. साधी हार्ड डिस्क १०० एमबी सहज देते. म्हणजे तुम्ही पैसे मोजता ते शांततेचे. १ टीबीत भागत असेल तर खुशाल घ्या. ४ टीबी किंवा जास्त हवी असेल तर माझ्या मते हार्ड डिस्कच ठेवा, पण राउटरजवळ, दुसऱ्या खोलीत.

छोटी अडीच इंची पोर्टेबल डिस्क बरीच शांत असते, पण टीव्हीच्या यूएसबी २.० पोर्टमधून ५०० मिलीअँपिअरच मिळतात. तेवढ्यात ती कधीकधी नीट सुरूच होत नाही, टिक-टिक करून बंद पडते. चांगल्या पोर्टवरही तशीच टिक-टिक आली तर बाकी सगळं सोडा, आधी फोटो दुसरीकडे कॉपी करा.

शेवटी मी १ टीबीची एसएसडी हॉलमध्ये लावली. जुनी हार्ड डिस्क फेकली नाही. एसएसडी वर्षानुवर्षं विजेशिवाय पडून राहिली तर डेटा जाऊ शकतो, म्हणून कपाटात ठेवायची कॉपी हार्ड डिस्कवरच बरी. दर रविवारी ती आतल्या खोलीत लॅपटॉपला जोडतो, नवे फोटो टाकतो आणि परत कपाटात ठेवतो.