पडद्याचा उजेड, चित्राचा उजेड
कॅमेऱ्यावर बसवायचा फील्ड मॉनिटर म्हणजे कॅमेरा जे टिपतोय ते मोठं दाखवणारा ५ किंवा ७ इंची पडदा. तो चित्र सुधारत नाही. यवतमाळ जिल्ह्यात कापूस वेचणीचं भरदुपारी शूटिंग करताना पडद्याचा उजेड म्हणजेच चित्राचा उजेड, हा गैरसमज महागात पडतो. उन्हात पडदा अंधूक दिसतो, म्हणून अ‍ॅपर्चर (भिंगातलं उजेड घेणारं छिद्र) मोठं केलं जातं. घरी येऊन पाहावं तर फुटलेली बोंडं नुसती पांढरीफटक, धागा म्हणून दिसत नाही. गाडीतला कापूस नजरेला कितीही वाटो, वजन काट्यावरच ठरतं. इथला काटा म्हणजे झेब्रा (ठरवलेल्या मर्यादेपलीकडे उजळलेल्या भागावरचे तिरके पट्टे). मॉनिटरचे हे पट्टे चित्रीकरणात उमटत नाहीत. कापसावर पट्टे दाटले की छिद्र जरा मिटवावं. वेचणारीचा चेहरा मात्र काळवंडू नये. त्यासाठी दोनचार बोंडं गेली तरी चालतील.