पैशाची क्रियापदं : चुकारे थकले

'स्पेंड'ला या आठवड्यातही ताटकळत बसावं लागणार आहे. शब्द दिला होता हे कबूल, पण मधेच तुमसरहून एक पत्र आलं आणि त्यातल्या प्रश्नाने माझी झोप उडवली. शिवाय 'पे'चं प्रकरण आपण दोन आठवड्यांपूर्वी जरा घाईतच आटोपलं होतं. तेव्हा आजचा सबंध लेख त्या पत्रासाठी.

पत्र लिहिणारे गृहस्थ तुमसरला इंग्रजीच्या शिकवण्या घेतात. वर्गात भाषांतराला ते पुस्तकातली वाक्यं देत नाहीत, गावातल्या वर्तमानपत्राचे मथळे देतात. ही पद्धत मला फार आवडली. या वेळचा मथळा होता, 'धानाचे चुकारे थकले, शेतकरी हवालदिल'. एका मुलाने लिहिलं, 'द पेमेंट्स आर टायर्ड'. वर्ग हसला. एका मुलीने लिहिलं, 'पेमेंट ऑफ फार्मर्स इज स्टॉप्ड'. "तिला मी बरोबरची खूण दिली, सर," असं ते लिहितात, "पण तेव्हापासून ते वाक्य मनात खटकून राहिलं आहे. काय चुकून राहिलं ते सांगा."

पुण्या-मुंबईच्या वाचकांना 'चुकारे' म्हणजे कोणाच्या तरी चुका वाटतील, म्हणून आधी खुलासा. आधारभूत केंद्रावर धान मोजून दिलं, काटा झाला, नोंद झाली, की त्याची जी रक्कम सरकारकडून खात्यात यायची ती म्हणजे चुकारा. भंडारा-गोंदियात दिवाळीनंतर दोन शेतकरी भेटले की तब्येतीच्या आधी चुकाऱ्याची चौकशी होते. कापूस एकाधिकार खरेदी योजना 1972 साली आली, तिच्या काळात वऱ्हाडातल्या कापूसवाल्यांच्या तोंडीही हाच शब्द होता. कोल्हापूर-सांगलीकडे मात्र चुकारा नाही. तिकडे उसाचं 'बिल' निघतं, त्याआधी 'उचल' मिळते. दुधाचं 'पेमेंट' होतं. रोजंदारीवाल्याचा 'हप्ता' होतो आणि मास्तरांचा 'पगार' होतो. एवढ्या सगळ्यांना इंग्रजीत एकच क्रियापद: पे.

आता त्या मुलीच्या वाक्याकडे येऊ. तिचं व्याकरण वरवर पाहता ठीक आहे. गडबड आहे ती 'ऑफ'मध्ये. तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग इथे मॅंगनीजच्या खाणी आहेत. तिथल्या कोणत्याही जुन्या कामगाराला तीन कायद्यांची नावं पाठ असतील. पेमेंट ऑफ वेजेस ॲक्ट, 1936. पेमेंट ऑफ बोनस ॲक्ट, 1965. पेमेंट ऑफ ग्रॅच्युइटी ॲक्ट, 1972. हे कायदे आता नव्या श्रम संहितांमध्ये सामावले गेले आहेत, पण आपल्याला त्यांची नावंच पुरेशी आहेत. तिन्हींत 'ऑफ'च्या पुढे काय आहे? वेतन, बोनस, ग्रॅच्युइटी. म्हणजे जी रक्कम द्यायची ती. माणूस कुठेही नाही. 'पेमेंट' या नामाला रक्कम 'ऑफ'ने जोडतात, माणूस 'टु'ने आणि ज्याबद्दल पैसे मिळतात ती वस्तू 'फॉर'ने. 'पेमेंट ऑफ फार्मर्स' म्हणताना ती मुलगी मनात 'शेतकऱ्यांचं पेमेंट' म्हणत होती. आपला षष्ठीचा प्रत्यय उदार आहे. शेतकऱ्यांचं पेमेंट, धानाचं पेमेंट, डिसेंबरचं पेमेंट, सगळं 'चं'ने भागतं. इंग्रजीत तिथे तीन वेगवेगळ्या किल्ल्या लागतात.

आणि गंमत पाहा. नाम सोडून क्रियापदाकडे गेलं की 'टु'ची गरज बहुतेक वेळा संपते. 'पेमेंट टु द फार्मर' बरोबर, पण 'पे टु द फार्मर' कानाला बोचतं. 'पे द फार्मर' म्हणायचं. आपण 'शेतकऱ्याला' म्हणतो, त्या 'ला'चा 'टु' करायचा मोह होतो आणि आपली मुलं हमखास इथेच घसरतात. यावर उतारा तुमच्या खिशात आहे. शंभराची नोट काढा आणि तिच्यावरचं रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांचं वचन वाचा: 'आय प्रॉमिस टु पे द बेअरर द सम ऑफ वन हंड्रेड रुपीज'. 'पे'नंतर थेट 'द बेअरर', मधे 'टु' नाही. त्यानंतर रक्कम, तीही थेट. चेकवरही 'पे' छापलेलं असतं आणि पुढे सरळ नाव लिहायचं असतं. (एक रुपयाच्या नोटेवर हे वचन शोधू नका. ती नोट रिझर्व्ह बँकेची नसते, भारत सरकारची असते आणि तिच्यावर सही अर्थ सचिवांची असते.)

मग 'टु' कधी येतो? रक्कम आधी आणि माणूस नंतर आला तर. 'पे हंड्रेड रुपीज टु द बेअरर'. माणूस आधी आला की 'टु' गळतो. एवढं सांभाळलं की निम्मी लढाई जिंकली.

उरलेली निम्मी लढाई 'फॉर'ची. बिल, फी, दंड, भाडं, कर, कर्ज ही देणी 'पे'ला थेट चालतात: 'पे द बिल', 'पे द फाइन'. विकत घेतलेल्या वस्तूला मात्र 'फॉर' हवाच. 'आय पेड द बुक' म्हटलं तर तुम्ही पुस्तकाच्याच हातात पैसे ठेवल्यासारखं होतं. माणसाच्या आधी 'फॉर' आला तर अर्थच उलटतो. 'आय पेड माय ब्रदर' म्हणजे भावाला पैसे दिले. 'आय पेड फॉर माय ब्रदर' म्हणजे हॉटेलात भावाचे पैसे मी दिले. धानाचं उदाहरण घ्या. 2025-26 च्या हंगामासाठी साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला 2,369 रुपये ठरला. आता हे वाक्य पाहा: 'द गव्हर्न्मेंट पेड हिम 2,369 रुपीज अ क्विंटल फॉर हिज पॅडी'. माणूस थेट, रक्कम थेट, धान 'फॉर'सह. 'पे'चा सगळा संसार या एका वाक्यात आहे. वर्गातल्या फळ्यावर आठवडाभर राहू द्या.

आता मूळ मथळा. 'चुकारे थकले' याचं माझं भाषांतर असं: 'द फार्मर्स हॅव नॉट बीन पेड फॉर देअर पॅडी'. यात 'चुकारे' कुठे गेले असं विचाराल. ते क्रियापदात विरघळले. मराठीत आपण 'शेतकरी दिले गेले नाहीत' म्हणू शकत नाही. म्हटलं तर शेतकरीच कुणाला तरी देऊन टाकायचे होते असं वाटेल. म्हणून आपल्या वाक्यात थकतात ते चुकारे, आणि शेतकऱ्याला स्वल्पविरामानंतरची जागा मिळते. इंग्रजीत 'पे'च्या कर्मस्थानी माणूस बसू शकतो, त्यामुळे कर्मणी प्रयोग केला की तोच वाक्याचा धनी होतो. पगार न मिळणारा कर्मचारी तिकडे स्वतःच 'अनपेड' असतो, आणि बिलही 'अनपेड' असतं. आपल्याकडे या जागी 'बिनपगारी, फुल अधिकारी' एवढंच. इंग्रजीच्या बाजूने मी सहसा बोलत नाही, पण इथे तिची रचना मला जास्त माणुसकीची वाटते.

'थकले'साठी स्वतंत्र शब्दच हवा असेल तर 'ओव्हरड्यू' घ्या: 'पेमेंट्स फॉर पॅडी आर ओव्हरड्यू'. म्हणजे देय तारीख उलटून गेली. तारीख कायद्याने बांधलेली असते तिथे हा शब्द चपखल बसतो. उसाचंच पाहा. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस दिल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यावे लागतात, नाहीतर वर्षाला 15 टक्के व्याज. पंधराव्या दिवशी ते बिल 'ओव्हरड्यू'. साठलेल्या थकबाकीला 'अरिअर्स'. 'आउटस्टँडिंग'ही चालतं, पण तो शब्द दुटप्पी आहे. मुलाच्या प्रगतिपुस्तकावर दिसला तर पेढे वाटावेत, आणि बँकेच्या पत्रात दिसला तर पेढ्यांचे पैसे जपून ठेवावेत. 'टायर्ड' लिहिणाऱ्या मुलाला मात्र माझ्याकडून शाबासकी सांगा. चुकलं खरं, पण 'थकणे' या क्रियापदाकडे त्याने निदान पाहिलं तरी. बाकीचा वर्ग त्याच्यावरून नुसता घसरत गेला असणार.

तुमसरचा विषय निघालाच आहे तर 'चुकवणे'बद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. तालुक्याच्या उत्तरेला बावनथडी नदी, आणि पलीकडे मध्य प्रदेशातला बालाघाट जिल्हा. पलीकडचा व्यापारी अभिमानाने म्हणतो, 'टैक्स चुका दिया'. म्हणजे त्याने कर भरला. अलीकडे येऊन तेच मराठीत 'मी कर चुकवला' म्हणाला, तर विक्रीकरवाले दारात हजर. हिंदीतलं 'चुकाना' म्हणजे फेडणं, आणि आपलं 'चुकवणं' म्हणजे टाळणं. असं असूनही 'हिशेब चुकता केला' म्हणताना आपणही फेडण्याच्याच बाजूला असतो, आणि 'चुकारा' हा त्याच घरातला. झाडीपट्टीचा माणूस हे दोन्ही अर्थ एका दिवसात, एकाच बाजारात, न अडखळता वापरतो. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी महिनाभर तुमसरच्या धानबाजारात बसावं असं माझं जुनं मत आहे.

आणि हा 'पे' तरी मुळात कुठला? लॅटिनमध्ये 'पाकारे' म्हणजे शांत करणं. ज्याचं देणं आहे त्याला शांत करायचं, असा तो हिशेब. तो शब्द फ्रेंचमार्गे इंग्रजीत जाऊन 'पे' झाला, आणि पोर्तुगीजमध्ये 'पगार' झाला. होय, आपला पगार. पोर्तुगीजांकडे ते क्रियापद होतं, आपण त्याचं नाम करून एक तारखेला बांधून टाकलं. तेव्हा 'पे' आणि 'पगार' सख्खे भाऊ आहेत, फक्त वेगवेगळ्या जहाजांनी आले. तिसरा भाऊ हल्ली मोबाइलमधून आला आहे. 2016 पासून बाजारात 'फोनपे' आहे. त्या नावात इंग्रजी 'पे' आहे आणि हिंदीतलं 'फोन पे', म्हणजे फोनवर, हेही आहे. भाजीवाली मावशी 'फोनपे करून राहिले ना?' असं विचारते तेव्हा ती कोणत्या भाषेत बोलते हे तिला विचारायला जाऊ नका. तिचं लक्ष पैसे आल्याचं सांगणाऱ्या डबीकडे असतं.

एक राहिलं. 'पे'च्या आधी माणूस नसून पीक किंवा धंदा आला, आणि पुढे काहीच नसलं, तर अर्थ 'परवडणे' असा होतो. 'पॅडी डज नॉट पे' म्हणजे धानाची शेती परवडत नाही. 'क्राइम डज नॉट पे' हे सुभाषित त्याच घडणीचं. इथे 'पॅडी पेज नॉट मनी' वगैरे काही लिहू नये. कर्म दिलंत की अर्थ गेला. 'इट पेज टु वेट' म्हणजे थांबण्यात फायदा आहे. धान घरात ठेवून भाव वाढायची वाट पाहणाऱ्याला हे वाक्य उपयोगी पडेल, आणि उंदरांचा हिशेब केल्यावर तो ते खोडूनही टाकेल.

'लक्ष देणे'ला 'पे अटेन्शन' आणि 'भेट देणे'ला 'पे अ व्हिजिट' का, असंही त्या पत्राच्या तळाशी विचारलं होतं. नवसाचाही प्रश्न होता. 1611 च्या इंग्रजी बायबलात नवससुद्धा 'पे' करतात, आज तिथे 'फुलफिल' लिहावं. बाकीच्यांना स्वतंत्र जागा लागेल. 'देणे' हे मराठीतलं प्रकरण 'पे'पेक्षा मोठं आहे, आणि ते मी 'स्पेंड'च्या पुढे ढकलतो आहे.

पुढच्या आठवड्यात 'स्पेंड', या वेळी नक्की. तोपर्यंत तुमसरच्या वर्गासाठी आणि तुमच्यासाठीही एक काम: 'मिलवाल्याला भरडाईचे पैसे मिळाले, पण हमालांची मजुरी अजून बाकी आहे' याचं इंग्रजी करा. दोन्ही वेळा माणूस कर्ता हवा आणि 'पेमेंट' हा शब्द एकदाही यायला नको. आणि तुमच्या गावात मालाच्या किंवा मजुरीच्या पैशाला चुकारा, उचल, बिल, हप्ता यांखेरीज काही वेगळं म्हणत असतील, तर ते गावाच्या नावासह जरूर कळवा.