बहुरूपी आणि त्याचे मूळ

चिंचोळीसारख्या कोरड्या पानझडी वनांत, तसेच बीदर-कलबुर्गी भागातील खेड्यांच्या परसांतही, काळ्या पंखांचे एक मोठे फुलपाखरू आढळते. मागच्या पंखांना शेपटीसारखे टोक, त्यांच्या मध्यभागी पांढरे ठिपके आणि कडेला तांबड्या चंद्रकोरी. पाहणारा ती एकच जात समजतो. वस्तुतः त्या दोन असू शकतात. एक कॉमन रोज, दुसरी कॉमन मॉर्मन.

रोजची अळी किडामारी व तिच्या कुळातील वेलींवर वाढते. त्या पानांतील विषारी द्रव्ये ती अंगी साठविते आणि ती पुढे फुलपाखरातही उतरतात. एकदा ती कडू चव घेतलेला पक्षी पुन्हा त्या रंगांच्या वाटेस जात नाही. म्हणूनच रोज संथ, निर्धास्त उडते. मॉर्मनची अळी लिंबू, कढीपत्ता, बेल यांच्या पानांवर पोसते. तिच्यापाशी तसले विष नाही. मात्र मॉर्मनच्या काही माद्या हुबेहूब रोजचा वेष धारण करतात. काही माद्या क्रिमसन रोज या दुसऱ्या विषारी जातीसारख्या, तर काही आपल्या नरासारख्याच दिसतात. नर कधीच सोंग घेत नाही. ओळखण्याची खूण धडावर आहे : रोजचे धड तांबडे, मॉर्मनचे काळे.

अशा अनुकरणाची उपपत्ती हेन्री बेट्स यांनी 1862 मध्ये मांडली. मॉर्मनच्या माद्यांची विविध रूपे आल्फ्रेड वॉलेस यांनी 1865 मध्ये विशद केली. हा वेषपालट डबलसेक्स नावाच्या एकाच जनुकाच्या आधीन आहे, हे डॉ. कृष्णमेघ कुंटे व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 मध्ये दाखवून दिले.

या तुलनेतील मर्म असे की, बहुरूप्याचे संरक्षण उसने आहे. रोज विपुल असेल तरच पक्षी धडा शिकतात. रोज विरळ झाली की सोंग निरुपयोगी ठरते. आणि रोजचे जीवन किडामारीवर अवलंबून आहे. काळ्या रानात ही वनस्पती तण म्हणून उगवते व तण म्हणूनच खुरपली जाते किंवा तणनाशकाने जळते. परसात कढीपत्ता कितीही फोफावला, तरी त्यावर वाढलेल्या बहुरूपी मादीचे अभय शेताच्या बांधावरच ठरते. विद्यार्थ्यांनी ही वनस्पती ओळखावी, ती विषारी असल्याने तोंडात मात्र घालू नये. आणि पिकास बाध येत नसेल तेथे, निदान बांधावर तरी, ती राहू द्यावी.