पाठ थोपटण्यापूर्वी श्वास मोजा

थंडीचे दिवस. झरीसारख्या गावात कापसाचा हंगाम भरात असतो, पुरुषमंडळी दुकानात गुंतलेली असतात आणि घरातले तान्हे बाळ खोकू लागते. आजी त्याला मांडीवर पालथे घेऊन पाठ थोपटते. कफ सुटेल, ही तिची आशा. शिकलेली सून म्हणते, रुग्णालयात यालाच छातीची फिजिओथेरपी म्हणतात. दोघींचा हेतू निर्मळ आहे. परंतु वैद्यकशास्त्राचा निष्कर्ष निराळा आहे.

पहिल्या दोन वर्षांत विषाणूमुळे फुप्फुसातील सूक्ष्म श्वासनलिका सुजतात. हा आजार म्हणजे ब्राँकिओलायटिस. तेथे अडथळा केवळ कफाचा नसतो, सुजेचाही असतो; आणि सूज थोपटून उतरत नाही. थोपटल्याने आजार लवकर बरा होत नाही, असे अनेक चाचण्यांत दिसले. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने 2014 साली या आजारात ही फिजिओथेरपी करू नये, असेच सांगितले. धापा टाकणारे बाळ त्याने अधिक दमते. डोके खाली धरले तर दूध उलटून श्वासनलिकेत जाण्याचे भय वेगळेच.

मग ही विद्या निरुपयोगी काय? मुळीच नव्हे. स्नायू दुर्बल असल्याने ज्याला खोकताच येत नाही, सिस्टिक फायब्रोसिसमुळे ज्याचा कफ जन्मापासून चिकट आहे, अशा बालकाला ती मोठा आधार देते. मात्र ती डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि प्रशिक्षित हातांनीच व्हावी.

घरच्यांनी करण्याजोगे काम दुसरेच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी 1988 च्या सुमारास गावातल्या दाईंनाही न्यूमोनिया ओळखायला शिकवले. वाळूचे एक मिनिटाचे घड्याळ आणि मणी. दर 10 श्वासांना एक मणी सरकवायचा. निरक्षर दाईलाही ते जमले. औषध गावातच मिळू लागले आणि तेथील न्यूमोनियाचे बालमृत्यू शेजारच्या गावांच्या तुलनेत निम्म्याहून कमी दिसले. कायोत्सर्गात 27 श्वासोच्छ्वास मोजणाऱ्या आपल्या आजीला हे कसे अवघड जाईल?

बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट पोटाकडे पाहावे. दोन महिन्यांखालील बाळाचे श्वास 60 किंवा अधिक, एक वर्षापर्यंत 50 किंवा अधिक, पुढे पाच वर्षांपर्यंत 40 किंवा अधिक भरले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. नाकात तेल घालू नये. खोलीत धुरी नको. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, बाळ दूध पीत नसेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर सकाळची वाट न पाहता रात्रीच गाडी काढून परभणी गाठावी.