हाताशी असलेले दहा दिवस

मुंबई-गोवा महामार्गावर हातखंब्याचा तिठा लागला की एक रस्ता रत्नागिरी शहराकडे वळतो. 1 मार्च 1927 रोजी महात्मा गांधी या शहरात होते. जिल्ह्याबाहेर पाऊल टाकायला आणि राजकारणात भाग घ्यायला बंदी असलेल्या विनायक दामोदर सावरकरांना ते घरी जाऊन भेटले. दोघांचे मतभेद लंडनपासूनचे, तरी बोलणं झालं. त्यानंतर दोनेक वर्षांनी टपाल खात्यातल्या एका नोकरदाराची बदली रत्नागिरीला झाली. त्यांचा एकोणीस वर्षांचा मुलगा मॅट्रिकची पायरी न ओलांडलेला होता. तोही सावरकरांकडे जाऊ लागला. त्याचं नाव नथुराम विनायक गोडसे.

रत्नागिरीनं गांधींचा मारेकरी घडवला, असं म्हणणं मात्र गावावर अन्याय करणारं आहे. याच गावात 1931 साली सर्व जातींच्या हिंदूंना खुलं असलेलं पतितपावन मंदिर उभं राहिलं. गोडसे इथून सांगलीला गेला, तिथे शिवणकाम केलं, हिंदू महासभेचं काम केलं, 1938 च्या हैदराबाद सत्याग्रहात तुरुंगवास भोगला. 1944 मध्ये पुण्यात त्यानं 'अग्रणी' हे दैनिक काढलं. नगरला शिक्षकी केलेला नारायण आपटे त्याचा भागीदार झाला. पुढे हेच पत्र 'हिंदू राष्ट्र' या नावानं निघू लागलं. गांधी मुसलमानांचे लाड करतात, देशाच्या ऱ्हासाला तेच जबाबदार आहेत, हा त्याचा कायमचा सूर. वर्षानुवर्षं तेच लिहिता लिहिता समोरचा म्हातारा माणूस दिसेनासा झाला आणि उरला फक्त शत्रू.

गांधींनी पाकिस्तानला 55 कोटी द्यायला लावले म्हणून संताप झाला आणि हत्या घडली, असं आजही सहज बोललं जातं. तारखा पाहिल्या की ते टिकत नाही. गांधींचं उपोषण 13 जानेवारी 1948 ला सुरू झालं, ते दिल्लीतल्या हिंदू, मुसलमान आणि शिखांमध्ये सलोखा व्हावा यासाठी. पैसे देण्याचा निर्णय सरकारनं 15 तारखेला जाहीर केला. गोडसेनं मात्र 13 आणि 14 तारखेलाच आपल्या दोन विमा पॉलिसींवर वारसांची नावं लावून घेतली होती. पुण्यातला शस्त्रविक्रेता दिगंबर बडगे 14 तारखेला माल घेऊन मुंबईत दाखल झाला होता. सरकारी आरोपपत्रानं तर कटाची सुरुवात डिसेंबर 1947 पासून धरली.

20 जानेवारीला दिल्लीच्या बिर्ला भवनात प्रार्थनासभेजवळ स्फोट झाला. मदनलाल पाहवा हा निर्वासित तरुण जागीच पकडला गेला, कटातले बाकीचे पसार झाले. दहा दिवसांनी, 30 जानेवारीला संध्याकाळी पाच वाजून गेल्यावर गोडसेनं प्रार्थनेला निघालेल्या 78 वर्षांच्या गांधींवर बेरेटा पिस्तुलातून तीन गोळ्या झाडल्या.

मारेकरी हिंदू आहे, हे रेडिओवरून मुद्दाम सांगण्यात आलं, नाहीतर मुसलमानांच्या वस्त्या पेटल्या असत्या. पण तो मराठी ब्राह्मण असल्याचं कळताच पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर भागांत ब्राह्मणांची घरं, दुकानं, छापखाने जाळले गेले. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांच्या जयप्रभा स्टुडिओला आग लावली गेली. मुंबईत सावरकरांचे धाकटे बंधू डॉ. नारायणराव दगडफेकीत जबर जखमी झाले. जातीकडे बोट दाखवून घर पेटवणारा जमाव आणि धर्माकडे बोट दाखवून पिस्तूल उचलणारा गोडसे यांच्यात फार अंतर नव्हतं. मराठी समाजानं त्या दिवसांचा हिशेब अजून मोकळेपणानं मांडलेला नाही.

खटला लाल किल्ल्यात, विशेष न्यायाधीश आत्मा चरण यांच्यापुढे चालला. सरकारतर्फे 149 साक्षीदार तपासले गेले. बडगे माफीचा साक्षीदार झाला. 10 फेब्रुवारी 1949 च्या निकालात गोडसे आणि आपटे यांना फाशी, तर विष्णू करकरे, नथुरामचा भाऊ गोपाळ गोडसे, पाहवा, डॉ. परचुरे आणि शंकर किस्तय्या यांना जन्मठेप झाली. सावरकर निर्दोष सुटले. सिमल्याच्या अपिलात परचुरे आणि किस्तय्याही सुटले.

गोडसेचं अपील फाशीविरुद्ध नव्हतंच. आपण एकट्यानं हे केलं, कट नव्हता, एवढंच त्याला सिद्ध करायचं होतं, आणि ते कोर्टानं मानलं नाही. अपील ऐकणाऱ्यांपैकी न्या. जी. डी. खोसला यांनी पुढे लिहून ठेवलं की त्याचं भाषण ऐकून प्रेक्षक हेलावले होते. त्यांनाच ज्यूरी केलं असतं तर तो सुटला असता. शब्दांवरची ही हुकमत त्यानं वर्तमानपत्रातच कमावली होती. तेच भाषण आजही हातोहात फिरतं आणि पुरावे मात्र कुणी वाचत नाही, याची खंत वाटते.

मणिलाल आणि रामदास या गांधींच्या दोन मुलांनी गोडसे आणि आपटे यांना फाशी देऊ नये अशी विनंती केली होती. वडील फाशीच्या विरोधात होते, त्यांच्या नावानं हे नको, असं त्यांचं म्हणणं. सरकारनं ते ऐकलं नाही. 15 नोव्हेंबर 1949 ला अंबाला तुरुंगात गोडसे आणि आपटे यांना फाशी दिली गेली.

प्रकरण तिथे मिटलं नाही. 1964 मध्ये गोपाळ गोडसे आणि करकरे सुटून आले, पुण्यात त्यांचा सत्कार झाला आणि त्या सभेत पत्रकार ग. वि. केतकर यांनी आपल्याला बेत आधीच ठाऊक होता असं सांगून टाकलं. देशभर गदारोळ उठला आणि न्या. जीवनलाल कपूर यांच्या आयोगाकडे चौकशी गेली. त्यांचा अहवाल 1969 चा. कोर्टानं निर्दोष ठरवलेल्या सावरकरांविषयीही आयोगानं प्रतिकूल निष्कर्ष काढला. तो वाद अजून चालू आहे. पण अहवालातला सर्वांत अस्वस्थ करणारा भाग आहे तो 20 ते 30 जानेवारी या दहा दिवसांचा.

रुइया कॉलेजचे प्रा. जगदीशचंद्र जैन यांना पाहवानं आधीच बेत सांगितला होता, आणि स्फोटानंतर लगेच जैन यांनी तो मंत्री मोरारजी देसाईंच्या कानावर घातला. दिल्लीच्या मरीना हॉटेलात 'एन. व्ही. जी.' अशी धोबीखूण असलेले कपडे सापडले. पुण्याच्या वर्तमानपत्राचा संपादक आपल्याबरोबर होता, असंही पाहवानं जबाबात सांगितलं. त्या जबाबाची प्रत घेऊन पुण्याचे गुप्तचर अधिकारी दिल्लीहून विमानानं नव्हे, तर अलाहाबादमार्गे रेल्वेनं मुंबईला निघाले. मुंबई प्रांतातल्या वर्तमानपत्रांची छापील यादी दिल्लीतच उपलब्ध होती. तिच्यात 'हिंदू राष्ट्र'च्या नोंदीपुढे संपादक म्हणून एन. व्ही. गोडसे हे नाव होतं.