अखंड चालणाऱ्या संगणकांचे नूतनीकरण

बँकेतील खाती किंवा रुग्णालयातील नोंदी ज्या संगणकात ठेवलेल्या असतात, तो घटकाभरही बंद पडून चालत नाही. म्हणून असे काम एकाच यंत्रावर न सोपविता दोन-तीन यंत्रांच्या समूहावर सोपवितात. एक थांबले की दुसरे त्याचा भार उचलते. लिनक्स प्रणालीत यंत्रांमधील निरोपांची ने-आण 'कोरोसिंक' ही आज्ञावली करते. कोणते काम कोणी करावयाचे हे 'पेसमेकर' ठरविते.

आज्ञावल्याही जुन्या होतात. २०१८ साली पेसमेकरची दुसरी आवृत्ती निघाली आणि 'हार्टबीट' या जुन्या निरोप्याशी तिचा संबंध संपला. सामान्यतः एकेक यंत्र बाजूला घेऊन त्यावर नवी आवृत्ती बसवितात व ते पुन्हा समूहात आणतात. तोवर नव्या यंत्रांना जुन्यांच्या मर्यादेतच वागावे लागते. जुन्या आवृत्तीचे शेवटचे यंत्र बाहेर पडले, की त्याला जुन्या रूपात पुन्हा प्रवेश नाही. कोरोसिंकच्या तिसऱ्या आवृत्तीने तर एवढीही सवलत ठेवली नाही. तिची बोली दुसरीला कळतच नाही. सारी यंत्रे एकदमच बदलावी लागतात. अशा वेळी पेसमेकरला देखरेखीपुरते बाजूस ठेवता येते, आणि चालू कामे त्याच्यावाचून चालू राहतात.

खरे भय निराळेच आहे. निरोप तुटले की प्रत्येक यंत्र दुसऱ्यास मृत समजते. मग दोघेही एकाच तबकडीवर लिहू लागतात आणि नोंदींचा चुराडा होतो. एका म्यानात दोन तलवारी राहात नाहीत, ते असे! त्यासाठी तीनपैकी दोघांचे बहुमत लागते, आणि ज्याचा भरवसा उरला नाही त्याची वीजच तोडतात. या उपायाच्या इंग्रजी नावाचा अर्थ 'दुसऱ्याच्या डोक्यात गोळी घाला' असा आहे. नाव रानटी खरे, पण उपाय शहाणपणाचा. स्थलांतराच्या गडबडीत अडचण नको म्हणून हाच पहारा उठविणे, याला काटकसर म्हणता येणार नाही.

राहता राहिली मांडणी. पेसमेकरची सारी मांडणी एकाच दस्तऐवजात असते आणि तो कोणत्या नियमावलीप्रमाणे लिहिला आहे, हे त्याच्या शिरोभागीच नोंदलेले असते. तो नव्या नियमावलीत उतरविण्याचे साधन आज्ञावलीबरोबरच मिळते. तथापि आधी त्याची प्रत घेऊन तिच्यावर रंगीत तालीम करावी, म्हणजे कोणते काम कोठे जाईल ते यंत्रांना न हलविता दिसते. शेवटी, गर्दी नसलेल्या वेळी, एका यंत्राची वीज मुद्दाम तोडून दुसरे त्याचे काम उचलते की नाही, हे प्रत्यक्ष पाहावे.